अंकीय कॅमेऱ्यावरील चलच्चित्रण

अंकीय कॅमेऱ्यावरील चलच्चित्रण : हलत्या दृश्याच्या प्रतिमा ठराविक कालांतराने क्रमशः टिपून त्या सोबतच्या ध्वनीसह अंकांच्या रूपात साठविणे, साठविलेले चित्रण कॅमेऱ्याच्याच पडद्यावर पुन्हा पाहणे आणि त्याच्या आरंभीचा व अखेरचा नको असलेला भाग छाटणे, या तीन क्रियांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. यांपैकी तिसरी क्रिया दिसण्यात सर्वांत सोपी आहे. दोन-तीन कळा दाबल्या की ती पूर्ण होते. तथापि तीत झालेली चूक बहुधा भरून काढता येत नाही. म्हणून तिचे विवेचन येथे अधिक विस्ताराने केले आहे. उदाहरणे मुख्यतः पनवेल (जि. रायगड) परिसरातील घेतली आहेत. कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य, गजबजलेले रेल्वे स्थानक, नाट्यगृह आणि विमानतळासाठी अल्पावधीत समूळ पालटलेला खाडीकाठ असे परस्परांहून भिन्न विषय तेथे थोड्या अंतरात आढळतात आणि त्यांपैकी प्रत्येक विषय कॅमेऱ्यापुढे वेगळी अडचण उभी करतो.

पूर्वपीठिका : हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन येथे एका कुस्तीचे चित्रण केले. कॅमेरा लंडनहून मागविलेला होता आणि उद्भासित फिल्मही रासायनिक प्रक्रियेसाठी लंडनलाच पाठवावी लागली. आपण काय टिपले हे पाहण्यासाठी चित्रकाराला समुद्रमार्गे परत येणाऱ्या डब्याची वाट पाहावी लागे. पुढे दादासाहेब फाळके यांच्या घरी फिल्मला भोके पाडणे, ती धुणे व जोडणे ही कामे होऊ लागली व त्यांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. चुंबकीय फितीवर चित्रमुद्रण करणारे व्यवहार्य यंत्र अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये पुढे आणले व टिपलेले दृश्य लागलीच पाहण्याची सोय प्रथमच झाली. विद्युत् भाराच्या रूपात प्रतिमा ग्रहण करणाऱ्या घटकाची कल्पना विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडली. तिच्यासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फितीवर अंकीय चित्रण करणारे घरगुती कॅमेरे १९९५ पासून मिळू लागले. स्थिरचित्रणासाठी बनविलेल्या, भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत चलच्चित्रणाची सोय २००८ मध्ये आली आणि त्यानंतर छायाचित्रणाचा कॅमेरा व चलच्चित्रणाचा कॅमेरा हा भेद सामान्य ग्राहकापुरता जवळजवळ नाहीसा झाला.

या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. फिल्मच्या संकलनात कात्रीने कापलेला तुकडा नष्ट होत नसे. तो संकलकाच्या टेबलाशेजारी खुंटीला लटकत राही आणि मत बदलले, तर पुन्हा जागच्या जागी चिकटविता येई. पुण्याच्या फिल्म संस्थेत शिकलेल्या पिढ्यांना कापणे म्हणजे बाजूला ठेवणे, अशीच सवय होती. अंकीय कॅमेऱ्यातील छाटणीत अशी खुंटी नाही.

मुद्रण : कॅमेऱ्याच्या भिंगामागे प्रकाशसंवेदी घटकांची जाळी असलेला संवेदक असतो. प्रत्येक घटकावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत् भार साठतो व त्याचे मोजमाप अंकात रूपांतरित केले जाते. एका क्षणाच्या अशा सर्व अंकांची मिळून एक चौकट बनते. भारतात दूरचित्रवाणीच्या पद्धतीला अनुसरून सेकंदाला २५ चौकटी टिपण्याचा प्रघात आहे. १,९२० × १,०८० चित्रबिंदूंची चौकट घेतली आणि प्रत्येक बिंदूस २४ बिट दिले, तर एका सेकंदाला सु. १२४ कोटी बिट, म्हणजे एका मिनिटाला ९ गिगाबाइटांहून अधिक माहिती साठवावी लागेल. साधे मेमरी कार्ड इतक्या वेगाने लिहू शकत नाही आणि लिहू शकले, तरी काही मिनिटांतच भरून जाईल. म्हणून कॅमेरा ही माहिती टिपतानाच संक्षिप्त करतो व साधारणतः तिचा पन्नासावा भाग कार्डावर उतरवितो.

संक्षेपण दोन प्रकारे होते. एका चौकटीच्या आत शेजारशेजारचे बिंदू बहुधा सारखे असतात. त्यांचे वर्णन थोडक्यात करता येते. यासाठी वापरले जाणारे गणिती रूपांतर बंगलोर येथे शिकलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. दुसरा प्रकार चौकटी-चौकटींतील साम्यावर आधारलेला आहे. एक चौकट पूर्णपणे लिहिली जाते. तिला येथे आधारचौकट म्हटले आहे. तिच्यानंतरच्या अर्ध्या-एक सेकंदातील चौकटी पूर्ण न लिहिता, आधीच्या व कित्येकदा पुढच्याही चौकटीपेक्षा त्यांत काय बदलले, एवढेच नोंदविले जाते. मग पुन्हा एक आधारचौकट येते. म्हणजे कार्डावर असलेल्या बहुसंख्य चौकटी एकट्याने अर्थ नसलेल्या असतात. २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धती व २०१३ मधील तिची उत्तराधिकारी एच.२६५ या दोन्ही याच तत्त्वावर चालतात.

या बचतीची किंमत कर्नाळ्यात पावसाळ्यात कळते. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलपासून सु. १२ किमी. वर असलेल्या या अभयारण्यात आणि त्याच्या आसपास तिबोटी खंड्या हा चिमणीएवढा रंगीत पक्षी पावसाळ्यात घरटी करतो व त्याच्या चित्रणासाठी हौशी लोकांची गर्दी होते. पाऊस पडत असता चौकटीतील प्रत्येक पान हलते आणि प्रत्येक थेंब जागा बदलतो. बदल नोंदवायचा म्हटले, तर तो पूर्ण चौकटीएवढाच भरतो. कॅमेऱ्याला मात्र सेकंदामागे ठरलेल्या बिटांतच काम भागवावे लागते. परिणामी सारे दृश्य चौकोनी ठिगळांचे दिसू लागते आणि पक्षी त्यांत विरून जातो. भिंग दोषी नसते. सेकंदामागे अधिक बिट देणारी योजना निवडणे आणि मागची झाडी अस्पष्ट राहील असे केंद्रीकरण करणे, हे यावरचे उपाय होत. अर्थात घरट्याच्या फार जवळ जाऊन हे साधणे केव्हाही गैरच आहे.

प्रत्येक चौकटीसाठी प्रकाश किती काळ आत घ्यावा, हा यापुढचा प्रश्न होय. सेकंदाला २५ चौकटी असता १/५० से. हा काळ हालचाल स्वाभाविक दिसण्यास योग्य मानतात. भारतातील वीजपुरवठा ५० आवर्तनांचा असल्यामुळे त्यावर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. १/५० से. मध्ये दिव्याच्या बरोबर दोन लहरी मावतात, १/६० से. घेतले, तर एक लहर व दुसरीचा काही भाग येतो आणि प्रत्येक चौकटीला कमीजास्त उजेड मिळून चित्रात पट्टे सरकू लागतात. पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागी चित्रण करताना कॅमेरा ५० आवर्तनांच्या योजनेवर असल्याची खात्री आधीच करून घ्यावी. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यांत ती बहुधा ६० ची असते.

बहुतेक संवेदक संपूर्ण चौकट एकाच क्षणी वाचत नाहीत. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचतात. पनवेल स्थानकातून वेगाने जाणाऱ्या मालगाडीचे चित्रण केल्यास डब्यांच्या उभ्या कडा तिरप्या दिसतात त्या यामुळे. खालच्या ओळी वाचल्या जाईपर्यंत डबा पुढे सरकलेला असतो. हा दोष नंतर पूर्णपणे काढता येत नाही. ध्वनी सामान्यतः सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन नोंदविला जातो. कॅमेऱ्यातील अंगभूत ध्वनिग्राहक शांततेत आपली ग्रहणक्षमता आपोआप वाढवितो आणि त्यामुळे वक्ता थांबला की पंख्याचा आवाज वर येतो. शक्य असेल तेथे ही स्वयंचलित व्यवस्था बंद करणे बरे.

चित्रण अकस्मात थांबले, तर कॅमेरा बिघडला असे समजू नये. ३२ गिगाबाइटांपर्यंतची कार्डे ज्या पद्धतीने आखलेली असतात, तीत एका फाईलचा आकार ४ गिगाबाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. सेकंदाला २.५ कोटी बिट या दराने ही मर्यादा सु. २३ मिनिटांत गाठली जाते. मग कॅमेरा एकतर थांबतो किंवा पुढील भाग नव्या फाईलमध्ये लिहू लागतो. कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर चित्रण बंद होत असे. त्यामागे तांत्रिक कारणापेक्षा जकातीचे कारण अधिक होते. सलग तीस मिनिटे वा अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रावर यूरोपीय संघात जादा आयात कर लागू होई. अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा उरलेली नाही. बॅटरी संपत आली असता मात्र चित्रण स्वतः थांबवावे. कोणती चौकट कार्डावर कोठे आहे याची सूची फाईलमध्ये बहुधा शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर चित्रण कार्डावर असूनही उघडत नाही.

पुनर्दर्शन : कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर चित्रण पाहताना चौकटी आधारचौकटीपासून क्रमाने पुन्हा रचल्या जातात. भरभर पुढे नेताना चित्र टप्प्याटप्प्याने उड्या मारते. कारण तेव्हा कॅमेरा बहुधा केवळ आधारचौकटी दाखवीत असतो. थांबवून एकेक चौकट पुढे नेण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, मागे नेण्याची सोय मात्र मंद चालते, कारण मागची एक चौकट दाखविण्यासाठी तिच्या आधारचौकटीपासून सर्व रचना पुन्हा करावी लागते. मागील पडदा जेमतेम ८ सेंमी. चा असल्यामुळे केंद्रीकरणातील थोडी चूक त्यावर दिसत नाही. म्हणून महत्त्वाचे चित्रण मोठे करून किंवा दूरचित्रवाणी संचाला जोडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. नको त्या फायली जागच्या जागी पुसून टाकण्याची घाई बहुतेक वेळा या लहान पडद्यामुळेच होते.

छाटणी : पुनर्दर्शन थांबवून छाटणीची आज्ञा दिली की पडद्यावर एक आडवी पट्टी येते. तिच्यावर नवा आरंभ व नवा शेवट निवडता येतो. निवडलेला भाग चालवून पाहावा, मग साठवावा, असा क्रम असतो. कॅमेऱ्यागणिक कळा व चिन्हे बदलतात, क्रम बदलत नाही. मधला तुकडा काढून दोन टोके जोडण्याची सोय सामान्य कॅमेऱ्यात सहसा नसते; त्यासाठी संगणक लागतो.

हवी ती चौकट नेमकी निवडता न आल्यामुळे पुष्कळांची निराशा होते. अनेक कॅमेऱ्यांत छाटणीचे टोक साधारण एका सेकंदाच्या टप्प्यानेच सरकते. याचे कारण वर सांगितलेल्या संक्षेपणात आहे. समजा, आधारचौकटीनंतरच्या आठव्या चौकटीपासून चित्रण सुरू व्हावे, अशी इच्छा आहे. आठवी चौकट म्हणजे केवळ बदलांची नोंद. आधीच्या चौकटी कापून टाकल्या, तर हे बदल कशात करायचे हेच उरत नाही. म्हणून कॅमेरा टोक जवळच्या आधारचौकटीवर नेऊन ठेवतो. शेवटच्या टोकाला ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण त्या चौकटी ज्यांच्यावर अवलंबून आहेत, त्या बहुतांशी आधी येऊन गेलेल्या असतात. संगणकावर कोणत्याही चौकटीपासून कापता येते. पण तेथे सुरुवातीचा किंवा संपूर्ण भाग उलगडून पुन्हा संक्षिप्त केला जातो व त्यात चित्राचा दर्जा थोडा घटतो. आधारचौकटीवरच कापल्यास दर्जा जसाच्या तसा राहतो. काही सेकंद जास्तीचे राहिले तरी चालेल, असे असेल तेव्हा कॅमेऱ्यातील ओबडधोबड छाटणी या दृष्टीने श्रेयस्कर ठरते.

साठविताना कॅमेरा एक प्रश्न विचारतो : नवी फाईल करावी की जुनीच्या जागी लिहावे? कार्डावर जागा कमी असली की दुसरा पर्याय मोहक वाटतो. तो निवडल्यावर मूळ चित्रणाची नोंद सूचीतून काढली जाते. त्यातील अंक त्याच क्षणी पुसले जातात असे नव्हे. ती जागा रिकामी म्हणून जाहीर होते आणि पुढचे चित्रण तिच्यावर लिहिले जाते. म्हणून चूक ध्यानात येताच कॅमेरा बंद करून कार्ड बाहेर काढल्यास, विशेष आज्ञावलीच्या साहाय्याने मूळ फाईल परत मिळण्याचा संभव असतो. आणखी दोन मिनिटांचे चित्रण केले, तर तो बराच कमी होतो.

छाटलेल्या भागाचे मोल छाटताना कळतेच असे नाही. जालना विधानसभा मतदारसंघाचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१४ च्या निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर हे २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज देण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता संपली होती व खोतकरांचे अर्ज त्यानंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप प्रतिस्पर्धी उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी न्यायालयात घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व बाहेर त्या दिवशी कॅमेऱ्याने चित्रण झालेले होते. चित्रण करणाऱ्याच्या दृष्टीने तो नित्याचा कंटाळवाणा भाग होता : दालनात माणसे येत आहेत, कागद हाताळले जात आहेत, वेळ जात आहे. वादाचा सारा भर मात्र या वेळेवरच होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी ही निवडणूक रद्द ठरविली व सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला. या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूळ व नक्कल यांतील भेद स्पष्ट केला. ज्या यंत्रात चित्रण प्रथम साठले ते यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर केले, तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. तबकडीवर उतरविलेली नक्कल दाखल करावयाची, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. प्रस्तुत प्रकरणी ते मिळविण्यासाठी अर्जदारांनी शक्य ते सर्व केले होते, म्हणून त्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाईलच्या अंकीय ठशाचाही उल्लेख करावा लागतो. हा ठसा म्हणजे फाईलमधील सर्व बिटांवरून गणिताने काढलेली एक संख्या होय. एक बिट बदलला तरी ती पूर्णतः वेगळी येते. साहजिकच छाटलेल्या फाईलचा ठसा मूळ फाईलशी कधीही जुळत नाही.

न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग बहुतेकांवर येत नाही. परंतु पनवेलच्या पश्चिमेस जे घडले, त्याचा विचार यासंदर्भात करण्याजोगा आहे. नवी मुंबई विमानतळासाठी तेथील उलवे टेकडी फोडून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे इ. दहा वस्त्या हलविण्यात आल्या. विमानतळाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ रोजी व उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. अशा ठिकाणी स्थलांतरापूर्वी घरातल्या लग्नाचे किंवा गणपतीचे चित्रण झालेले असेल, तर त्याच्या आरंभी कॅमेरा स्थिर होईपर्यंत टिपलेले अंगण, बांध, मागची टेकडी, खाडीकडे जाणारी वाट हा भाग छाटणाऱ्याला त्या वेळी निरुपयोगीच वाटणार. आज त्या जागी धावपट्टी आहे. समारंभातील माणसे अन्य छायाचित्रांतही सापडतील; टेकडी मात्र बहुधा त्या डळमळत्या सेकंदांतच शिल्लक असेल. गाव उठणार हे माहीत असता चित्रण करावयाचे झाल्यास कॅमेरा तिवईवर ठेवून, न बदलणारी एखादी खूण, उदा., कर्नाळ्याचा सुळका दिसत असेल तेथे तो, चौकटीत घ्यावी, म्हणजे पुढे जागा ओळखता येते.

तारीख व वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळावरून फाईलमध्ये नोंदली जाते. घड्याळाची लहान बॅटरी संपली, की बऱ्याच कॅमेऱ्यांत ते कारखान्यातील मूळ तारखेवर परत जाते आणि पुढचे सर्व चित्रण भलत्याच वर्षाचे ठरते. महिन्या-दोन महिन्यांनी ते तपासण्यास अर्धे मिनिट पुरते. छाटून केलेल्या नव्या फाईलवर काही कॅमेरे मूळ चित्रणाची, तर काही छाटणीची वेळ नोंदवितात. आपला कॅमेरा यांपैकी काय करतो, हे एका बिनमहत्त्वाच्या चित्रणावर पाहून ठेवावे.

जतन : मेमरी कार्ड हे वाहतुकीचे साधन आहे, कोठाराचे नव्हे. त्यात अंक सूक्ष्म विद्युत् भाराच्या रूपात राहतात व वर्षानुवर्षे वापराविना ठेवलेल्या कार्डातून हा भार हळूहळू झिरपतो. चित्रण संगणकावर व आणखी एका तबकडीवर उतरवून, दोन्हींचे अंकीय ठसे मूळ फाईलशी जुळल्यावरच कार्ड रिकामे करावे. छाटलेली प्रत मूळ नावापुढे वेगळे अक्षर जोडून स्वतंत्र ठेवावी. कार्ड पुसण्यासाठी फायली एकेक काढण्यापेक्षा ते कॅमेऱ्यातच नव्याने आखून घेणे चांगले. कोकणपट्टीच्या दमट हवेत भिंगावर बुरशीचे धागे धरतात, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात कॅमेरा आर्द्रताशोषक पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणल्यावर भिंगावर दव जमते. ते न पुसता पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी व मगच चित्रण सुरू करावे.